हवालदार आणि लहानूचं राहिलेलं लग्न

आमच्या मोखाड्यात हवालदार वारघड्यांशी बोलायचं तर आधी विषय सांगावा लागतो. नुसतं ‘काय हवालदार, बरं आहे ना?’ म्हटलंत तर ते जागच्या जागी थांबतात, चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “विषय?” तुम्ही गडबडून काहीतरी विषय सांगता. मग विचारतात, “संदर्भ?” सरकारी पत्राला जे जे लागतं, ते ते त्यांना बोलण्यालाही लागतं. एकदा शेजारची शेवंताबाई धावत आली आणि म्हणाली, “हवालदार, आग लागली.” हे अंगणात दाढी करत होते. म्हणाले, “विषय कळला. संदर्भ?” शेवंताबाई म्हणाली, “तुझाच पेंढा.” तेव्हा मात्र अर्धी दाढी तशीच ठेवून धावले. आग विझल्यावर तिलाच वर समजावलं, की बाई, संदर्भ आधी सांगत जा, वेळ वाचतो.

आणि बोलता बोलता तुमची काही चूक झाली, तारीख चुकली, नाव चुकलं, की ते हात वर करून म्हणतात, “जैसे थे.” परेडमध्ये चुकलेला हुकूम मागे घ्यायला हे म्हणतात म्हणे. म्हणजे तुम्ही वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. माझ्या लग्नाची गोष्ट मी त्यांना तीन वेळा पहिल्यापासून सांगितली आहे आणि अजून ती वरातीपर्यंत पोहोचलेली नाही.

मी सलीम. मूळचा जव्हारचा. आमच्या घरात आजोबांपासून बांगड्यांचा धंदा. दिवसभर बायकांच्या गप्पा ऐकून मला कंटाळा आला, म्हणून मी मोखाड्याला तहसील कचेरीच्या वाटेवर झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटोचं दुकान टाकलं. आता दिवसभर पुरुषांच्या गप्पा ऐकतो. त्या जास्त लांबतात, एवढाच फरक.

हवालदार बावीस वर्षं फौजेत होते, पण क्लार्क म्हणून. त्यातली बरीच वर्षं रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जिथं प्रत्येक जवानाची जन्मापासून मरणापर्यंतची कुंडली ठेवलेली असते तिथं. गावातली पोरं विचारायची, “हवालदार, बंदूक किती वेळा चालवली?” ते सांगायचे, “वर्षातनं एकदा, नियमाप्रमाणे. टाइपरायटर रोज.” पोरांचा हिरमोड व्हायचा. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट टाइपरायटर कसा साफ करतात ते सांगायला लागायचे आणि पोरं पांगायची.

लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत मी एकदा केली. “अर्ज आला नाही,” म्हणाले. ते नोकरीत असतानाच आईवडील गेले, भावंडं नाहीत. घरात ते आणि सात कोंबड्या. रोज संध्याकाळी कोंबड्यांची गिनती व्हायची आणि वहीत हजेरी लागायची. एकदा एक कोंबडी बेपत्ता झाली. चौथ्या दिवशी त्यांनी तिच्या नावापुढे ‘फरार’ असा शेरा मारला. काही आठवड्यांनी ती कुंपणातून नऊ पिल्लं घेऊन डुलत डुलत आली. हवालदारांनी ‘फरार’ खोडलं आणि लिहिलं, ‘रजेवरून परत. सोबत परिवार.’ ती वही मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, त्यामुळे कुणी मला थापाड्या म्हणू नये.

निवृत्त होऊन आल्यावर महिनाभर ते घरी बसले. मग एक दिवस माझ्या दुकानात आले, कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं आणि आत्तापर्यंत ते स्टूल परत दिलेलं नाही. वर स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, ‘माजी सैनिक व सैनिक-विधवा यांची कागदपत्रे येथे विनामूल्य तपासून मिळतील.’ भाडं मी भरतो, वीज मी भरतो, आणि गिऱ्हाईक आत येऊन विचारतं, “हवालदारांचं ऑफिस हेच का?”

पण खोटं कशाला बोलू, तालुक्याला गरज होती. आमच्या या डोंगरात फौजेतून आलेले म्हातारे दहा-बारा असतील. माजी सैनिकाला काय काय मिळतं म्हणून विचारलं तर सगळ्यांना एकच गोष्ट माहीत. ती म्हणजे कॅन्टीनमधली रम. हवालदारांना याचा फार राग. “रम ही सवलत नाही, सुविधा आहे,” असं ते प्रत्येकाला उभं करून ऐकवायचे. मग बोटांवर मोजत सुरू व्हायचे. मुलांची शिष्यवृत्ती, मुलीच्या लग्नाची मदत, घरपट्टीची माफी, उपचारांचं कार्ड, विधवेचं पेन्शन. “हे सगळं सोडून तुम्ही बाटली उचलता आणि खूश होता,” म्हणायचे. म्हातारे खाली मान घालून ऐकायचे आणि जाताना मला हळूच विचारायचे, की पण रम मिळते ना?

नोव्हेंबर आला की आमच्या दुकानासमोर अंगठ्याची परेड असते. पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. मशीनवर अंगठा ठेवायचा, मशीनला ओळख पटली की हयातीचा दाखला. आता हे सगळे शेतकरी. भात कापून, नागली झोडून अंगठ्यावरच्या रेषा पार पुसलेल्या. माणूस समोर उभा आहे, खोकतोय, माझ्याकडे तंबाखू मागतोय, आणि मशीन म्हणतंय की ओळख पटत नाही. यावर हवालदारांनी तोड काढली. नोव्हेंबरच्या आधी पंधरा दिवस कुणी विळ्याला हात लावायचा नाही, आणि अंगठ्याला रोज दोन वेळा मोहाचं तेल. मग ठरलेल्या दिवशी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करून हे एकेकाचा अंगठा उन्हात धरून तपासायचे. ज्याचा अंगठा खरखरीत निघेल त्याला बाजूला काढायचे. ऐन कापणीत नवरा पंधरा दिवस अंगठ्याला तेल लावत बसतो म्हटल्यावर घराघरांतल्या बायका हवालदारांच्या नावानं काय बोलायच्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या परेडमध्ये सगळ्यात शेवटी, सगळ्यात बुटका, असा एक लहानू उभा असायचा. आमच्याच तालुक्यातल्या पोशेऱ्याचा. सतरा वर्षं पायदळात शिपाई. अतिशय सरळ माणूस. इतका सरळ, की माझ्याकडे फोटो काढायला आला तेव्हा मी म्हटलं, जरा हसा, तर म्हणाला, “कशाला हसू? काय झालं?”

गेल्या थंडीत लहानूचा खोकला वाढला. जव्हारला डॉक्टरनं तपासून सांगितलं की फुप्फुसं थकली आहेत, जपा. हवालदारांनी लगेच ठरवलं, की लहानूचं आणि त्याची बायको जनाबाई, दोघांचं उपचाराचं कार्ड करून टाकायचं. त्याला लहानूचं डिस्चार्ज बुक लागत होतं, म्हणजे फौजेतून सुटताना जवानाला मिळतं ते पुस्तक. लहानूनं ते इतकी वर्षं आढ्याला, काकडीच्या बियांच्या पिशवीत बांधून ठेवलेलं. हवालदारांनी माझ्या काउंटरवर ते उघडलं, बिया झटकल्या, एकेक पान उलटलं, आणि परिवाराच्या पानावर थांबले. पान कोरं होतं.

“लहानू,” हवालदार म्हणाले, “जनाबाईचं नाव कुठाय?”

“कुठं कुठाय?”

“या पुस्तकात. परिवाराच्या पानावर.”

“लगीन नाय झालं तर नाव कसं येल?” लहानू म्हणाला.

बाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. आमच्या डोंगरातल्या पाड्यांवर लग्न म्हणजे मोठा खर्च. गावजेवण, वाजंत्री, सगळ्या भावकीला दोन दिवस खाऊपिऊ घालायचं. ते जमेपर्यंत दोघं आपली एकत्र राहायला लागतात, संसार मांडतात, मुलंबाळं होतात. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. बाईला सगळा गाव बायकोच म्हणतो. लग्न फक्त ‘राहिलेलं’ असतं, आणि कधीतरी हातात पैसा आला की केलं जातं. कधी कधी पोराच्या लग्नाच्या मांडवात आधी आईबापाची हळद लागते, मग पोराची. लहानूचं लग्न चाळीसेक वर्षं राहिलेलं होतं. फौजेत दरवर्षी क्लार्क विचारायचा, “शादी हुई?” हा म्हणायचा, “अभी नहीं, साब.” खरंच झाली नव्हती. सुट्टीला घरी जायचा, परत यायचा, घरी तीन मुलं झाली, आणि पुस्तकात हा अविवाहित. एक शब्द जरी जरा वाकडा बोलला असता तरी काम झालं असतं, पण वाकडं बोलेल तो लहानू कसला.

हवालदारांनी चष्मा काढून ठेवला. “याचा अर्थ कळतो का तुला?” त्यांनी मला विचारलं, लहानूला नाही. “उद्या हा गेला, तर याचं पेन्शन बंद, आणि जनाबाईला काही नाही. कार्ड नाही, पेन्शन नाही. सरकारच्या लेखी जनाबाई कुणी नाहीच.”

लहानू खोकत खोकत म्हणाला, “हाय ती. घरी हाय.”

मला वाटलं, हे तर सोपं आहे. मी म्हटलं, “हवालदार, एक प्रतिज्ञापत्र करून टाकू. लग्न चाळीस वर्षांपूर्वी झालं म्हणून. दोन साक्षीदार मी आणतो. सगळा गाव सांगेल.” बोलून जातो माणूस. हवालदारांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मशीनचं झाकण उगाच उघडलं आणि मिटलं. “सलीम,” ते म्हणाले, “सतरा वर्षं या माणसानं कागदाशी खोटं केलं नाही. आता शेवटी मी करू?” चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. स्टूल मात्र सोडलं नाही. तोंड फिरवून बसायचे.

पाचव्या दिवशी सकाळी म्हणाले, “दुकान बंद कर. पोशेऱ्याला जायचंय.” मी म्हटलं, “विषय?” म्हणाले, “लग्न.”

जीपमधून उतरून डोंगराच्या कडेनं चालत लहानूच्या घरी पोहोचलो. जनाबाई ओट्यावर सुपात नागली पाखडत होती. हवालदार ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “विषय, आपला विवाह. संदर्भ, लहानूचं डिस्चार्ज बुक.” जनाबाईनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, “तू आधी बस. पाणी पी.” आमच्याकडे पाड्यांवर सगळ्यांना तूच म्हणतात, कलेक्टर आला तरी.

हवालदारांनी सगळं समजावलं. लग्न आधी झालेलं नसलं तरी चालतं. निवृत्तीनंतर केलेलं लग्नही रेकॉर्डला चढवता येतं, नियम आहे. लग्न करायचं, ग्रामपंचायतीत नोंदवायचं, दाखला, दोघांचा एकत्र फोटो आणि अर्ज रेकॉर्डला पाठवायचा. काही महिन्यांत जनाबाईचं नाव येतं. खर्च पोराच्या लग्नात भागेल, कारण पोराचंही राहिलेलंच आहे, त्यालाही दोन मुलं आहेत. एकाच मांडवात दोन्ही. लहानू मान डोलवत होता.

जनाबाई म्हणाली, “मी नाय करायची.”

हवालदार म्हणाले, “जैसे थे. नीट ऐकून घ्या.” आणि पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. जनाबाईनं पहिल्यापासून परत ऐकलं आणि परत म्हणाली, “नाय.”

“अहो, पण का?”

तिनं लहानूकडे बघितलं नाही. सुपातली नागली बोटानं सारखी करत म्हणाली, “आजपातूर लगीन राह्यलं ते पैशापायी राह्यलं. त्याचं मना काय नाय वाटलं. आता करायचं ते कशापायी? हा मेल्यावर मना पैसं मिळावं म्हणून. मंजे मी जी हळद लावायची ती याच्या मरणाची. हा खोकतंय त्या आवाजावर मी झोपतंय. खोकला थांबला का उठून बघतंय. आन मी हळद लावून त्याच्या जायाची वाट बघू? नाय लावायची मी.”

लहानू उठून मागे गेला. मी जमिनीकडे बघत बसलो. मला माझीच लाज वाटली, प्रतिज्ञापत्र काढायला निघालेल्या माणसाची. हवालदारांकडे प्रत्येक गोष्टीला फॉर्म असतो. याला नव्हता. मग ते जे बोलले ते विषय नाही, संदर्भ नाही, सरळच बोलले. त्यांना असं बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

“जनाबाई, मी रेकॉर्डला होतो तेव्हा एका बाईचं पत्र आलं होतं. लांबच्या राज्यातली, पण आपल्यासारखीच डोंगरातली. नवरा सुट्टीवर घरी येताना गाडी उलटून गेला. लग्न राहिलेलं. तीन मुलं. गावातल्या मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतं. मी पुस्तक काढून बघितलं, नाव नव्हतं. नियमाप्रमाणे उत्तर टाइप केलं, की आपले नाव नोंदीत नसल्याने अर्ज विचारात घेता येत नाही. दोन महिन्यांनी परत पत्र. मी परत तेच उत्तर दिलं. तिसऱ्या वेळी तिनं फोटो पाठवला. जत्रेत काढलेला. मागे पडद्यावर विमान रंगवलेलं, पुढं ती दोघं उभी. तिला वाटलं असेल, फोटो बघून तरी साहेबांना पटेल. मी त्याच्यावर ‘सहपत्र परत’ असा शेरा मारला, टाचणी लावली आणि परत पाठवून दिला.”

जनाबाईचं बोट नागलीत थांबलं होतं.

“चौथं पत्र आलं नाही. माझं काही चुकलं नव्हतं. आजही नियम काढून दाखवतो. पण मी निवृत्त होईपर्यंत रोज टपाल आलं की आधी तेच बघायचो, तिचं आलंय का. आलं असतं तर काय केलं असतं, मला माहीत नाही. काहीतरी केलं असतं.”

“ती बाय हाय कुठं?” जनाबाईनं विचारलं.

“गेलो होतो मी. सुटल्यावर पहिल्यांदा तिकडंच गेलो. घर होतं. माणसं नव्हती. पोरं घेऊन कुठं कामाला गेली म्हणे, गावाला माहीत नव्हतं.”

जनाबाई उठली, आत गेली, हवालदारांना आणखी एक तांब्या पाणी आणून दिलं. ते पितायत तोवर उभी राहिली. मग म्हणाली, “करते लगीन. पेन्शनीसाठी नाय हां. तुला झोप लागूं दे म्हणून.”

आता लग्नाचं काय सांगू? हवालदारांनी त्याचा आदेश काढला होता. ‘सकाळी नऊ वाजता हळद. साडेदहाला विवाह क्रमांक एक (लहानू). बाराला विवाह क्रमांक दोन (मुलगा). एक वाजता भोजन.’ मी त्याच्या प्रती काढून दिल्या आणि त्या पोशेऱ्यात घरोघर वाटल्या गेल्या. कुणी वाचल्या की नाही देव जाणे. इकडं लग्न लावते ती धवलेरी, गाणी गाऊन लग्न लावणारी म्हातारी बाई. ती आली अकराला. आल्यावर तिनं आधी चहा घेतला. मग गायला बसली ती बसलीच. हवालदार मांडवाच्या कडेला घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. शेवटी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, “बाई, हे थोडक्यात होईल का?” धवलेरीनं गाणं न थांबवता हातानंच त्यांना खाली बसायची खूण केली, आणि बावीस वर्षं हुकमावर काढलेला माणूस मुकाट खाली बसला.

लहानू फौजेतला कोट घालून आला होता. पदकांसकट हळद लागली त्याला. नातवंडं आजीआजोबांच्या लग्नात इतकी नाचली की धाकटी नवरी, म्हणजे सून, आपलीच पोरं आवरता आवरता दमली. एकच गोष्ट अडली. नवरीला मांडवात आणायला भाऊ लागतो. जनाबाईचा एकुलता एक भाऊ कधीच वारलेला. बायका कुजबुजायला लागल्या, चुलत कुणी आहे का, मामेभाऊ आहे का. जनाबाईनं डोक्यावरचा पदर जरा मागे सारला आणि म्हणाली, “तो काय बसलाय. घड्याळवाला.” मग हवालदारांनी तिचा हात धरून तिला मांडवात आणलं. पावलं टाकताना ते नकळत डावा-उजवा करत होते आणि जनाबाई त्यांच्या मागे फरफटत होती, पण आणलं.

पुढच्या आठवड्यात दोघांना माझ्या दुकानात एकत्र फोटोसाठी बसवलं. दोन हातांचं अंतर ठेवून बसली दोघं, जणू बसस्टँडवर अनोळखी. हवालदार ओरडले, “दाहिने सज,” म्हणजे परेडमध्ये उजवीकडे बघून रांग सरळ करायचा हुकूम. लहानू सवयीनं झटकन सरकला आणि जनाबाईच्या अंगावरच जाऊन आदळला. ती हसली आणि मी बटण दाबलं. लहानू तेवढा गंभीर आला आहे.

ते सगळे कागद पुढे रेकॉर्डला गेले आणि पावसाच्या आधी जनाबाईचं नाव चढूनही आलं. लहानू अजून खोकतोय, पण आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. मला जे सांगायचंय ते ग्रामपंचायतीतलं, फोटो काढला त्याच दिवसाचं.

लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म हवालदारांनी स्वतः भरायला घेतला. ग्रामसेविका मॅडम समोर बसल्या होत्या. जनाबाई आणि लहानू बाकावर. साक्षीदार तीन, मी, लहानूचा चुलत भाऊ आणि हवालदार. साक्षीदाराचं नवरा-नवरीशी नातं काय, असा एक रकाना होता. माझ्यापुढं त्यांनी लिहिलं ‘परिचित’. चुलत भावापुढं ‘वराचा चुलत भाऊ’. स्वतःचं नाव, पत्ता, वय लिहून झालं आणि त्या रकान्यापाशी पेन थांबलं.

“परिचित लिहितो,” ते म्हणाले.

“कोण परिचित?” जनाबाईनं विचारलं. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण कान तिखट.

“मी. तुमच्या ओळखीचा, असं.”

“मांडवात मना कुणी आणली?”

“मी आणली.”

“मग भाऊ लिव.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाले, “जनाबाई, ते मांडवातलं झालं. हा कागद आहे. कागदात खरं लिहावं लागतं.”

जनाबाई म्हणाली, “मांडवातलं खोटं व्हतं?”

मॅडम कॅलेंडरकडे बघायला लागल्या. लहानू, जो कधी कुणाच्या मधे बोलत नाही, तो म्हणाला, “खोटं नव्हतं, साब.” हवालदारांनी पेन उचललं, परत ठेवलं, चष्मा पुसला. आणि मग एकेक अक्षर सावकाश काढत त्यांनी लिहिलं, ‘वधूचा भाऊ’. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. त्या दिवशी त्या दोन शब्दांत ते जरा हललं.

मॅडमनी फॉर्म वाचला. “बाईंच्या माहेरचं आडनाव तर वेगळं आहे,” त्या म्हणाल्या. “सख्खे भाऊ का चुलत?”

मला वाटलं, संपलं. आता हे स्वतःच खोडणार. या माणसाला जन्मतारखेतली एक रेघ चुकलेली खपत नाही. हवालदार खुर्चीत ताठ झाले, फॉर्म मॅडमकडे फिरवला आणि रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, सख्खा का चुलत हे या रकान्यात विचारलेलं नाही. नातं विचारलंय. ते लिहिलंय.”

मॅडमनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा जनाबाईकडे, आणि शिक्का मारला. मी उगाच लहानूसारखा खोकलो.

दुकानात येऊन मी दाखल्याची झेरॉक्स काढली. हवालदार म्हणाले, आणखी एक काढ. मी विचारलं, ही कुणाला? “असू दे,” म्हणाले. ती घेऊन ते बाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात जाऊन उभे राहिले आणि वाचायला लागले. पान एवढंसं, त्यात वाचायला असं काय होतं, पण वाचत होते.

पलीकडे पोशेऱ्याची जीप भरत आली होती. लहानू आणि जनाबाई आत बसले होते. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि जीपमधून जनाबाईनं हाक मारली, “दादा.”

हवालदारांनी मान वर केली नाही. सगळा तालुका त्यांना हवालदार म्हणतो, फौजेत क्लार्कबाबू म्हणायचे. दादा म्हणून त्यांना उभ्या आयुष्यात कुणी हाक मारलेली नव्हती, मग कळणार कसं? जनाबाईनं परत हाक मारली, “ए दादा.” मी काउंटरवरून वाकून म्हटलं, “हवालदार, तुम्हाला बोलावतायत.”

“मला?” ते म्हणाले, आणि कागद तसाच हातात धरून रस्ता ओलांडून जीपकडे गेले.